वाचनालयाच्या फळ्यावरची ओळ

"आबांना विरोध सोसत नाही. पोलीस येतील या भीतीने त्यांनी नानांचे लिखाण पुसले आणि चौकातल्या फळ्याचे तोंड बंद केले." आमच्या चोपडा गावातल्या चहाच्या टपरीवर ही हकीकत आजही रंगवून सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या सकाळी चौकात नव्हता. मी होतो. ते आबा मीच, फळ्याची देखरेख माझ्याकडेच आहे.

वाचनालयाच्या भिंतीवरचा हा फळा सर्वांना खुला. नाना माझा शेजारी आणि बालमित्र. त्याने त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या. पहिलीत मशिदीचा भोंगा आणि आमच्या गणेश मंडळाचा डीजे, दोन्ही बंद करण्याची मागणी होती. त्या मंडळाचा अध्यक्ष मीच. ओळ झोंबली, पण तिला मी हात लावला नाही. दुसरी ओळ मोबाइलवरून उतरवलेली होती: मुसलमानांकडून कोणी काही घेऊ नये, दिसतील तिथून त्यांना हाकलावे.

फळ्यासमोर एका मुसलमान पिंजाऱ्याचे दुकान आहे. तो गाद्या भरतो. ओळ वाचून तो शटर ओढू लागला होता, आणि दिवाळीआधी गाद्या भरायला आणणारी गिऱ्हाइके रस्त्यातच थबकली होती. मी तेवढी ओळ पुसली. नाना तावातावाने आला.

"आबा, फळा बठ्ठा गावना शे, तुना एकलाना नही."

"म्हनीसनच पुसी. पिंजारीबी गावनाच शे."

धर्माधर्मांत द्वेष पेटवणारे लिहिणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण कलम आठवायला वेळ कोणाला होता? अर्धे ओढलेले शटर डोळ्यांसमोर होते. पहिल्या ओळीने माझा अपमान झाला, तो मी गिळला. दुसरीने एका माणसाचे दुकान बंद होत होते. एवढा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी मला शौर्य शिकवू नये.

मग मी नानाच्या हातात खडू ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर माझ्याविषयी हवे ते लिहायला सांगितले. त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'या फळ्याचा राखणदार भित्रा आणि आडमुठा आहे.' समोरचे शटर वर गेले. नानाची गादीही त्या दिवाळीला तिथेच भरली गेली. रोज संध्याकाळी आम्ही दोघे त्या ओळीखालच्या बाकावर बसून भांडतो, आणि या वयात ते मला चांगले मानवते.

राहिला विरोध सोसण्याचा प्रश्न. नानाची ती ओळ अजून फळ्यावर आहे, आणि खडू पुसट झाला की ती मीच गिरवतो.