मालकाला बहिणी किती?

ऐंशीच्या त्या सालांत अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जेवढ्या माणसांची घरं ठरता ठरता मोडली, त्यातली निम्मी तरी आमच्या दाजींनी मोडली असतील, असं मी म्हटलं तर आमच्या नात्यात कोणी नाही म्हणणार नाही. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान. आमचे हे त्यांना दाजी म्हणत म्हणून मीही म्हणायचे, आणि पुढे पुढे तर ओळख ना पाळख असे बिल्डरसुद्धा "दाजी आले वाटतं" म्हणून आतल्या खोलीत जायला लागले. मरोळच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायच्या कामावर होते. दिवसभर लोखंडाचा एकेक तुकडा हातात घ्यायचा आणि हा पास, हा नापास करायचा. ती सवय घरी आल्यावर सुटते थोडीच? वन्संनी गरम भाकरी वाढली तरी आधी उलटी करून बघत, मग मोडत.

कायद्याचं शिक्षण म्हणाल तर शून्य. वकिलाचं बोलणं अर्धं ऐकायचे आणि त्यातलं अर्धं उलटं सांगायचे. पण कोणी घर घ्यायला निघालाय असं कानावर आलं की हे त्याच्याबरोबर निघालेच, बोलावलेलं असो नसो. शर्टाच्या खिशात कारखान्यातली एक पोलादी गोळी असायची. नव्या जागेत शिरलं की ती फरशीवर सोडायची आणि जिकडे घरंगळेल तिकडे आपणही मागोमाग. घाटकोपरला एकदा ती गोळी मोरीकडे जायची सोडून सरळ दाराबाहेर गेली आणि टणटण करत जिना उतरायला लागली. दाजी तिच्या मागे गेले ते परत वर आलेच नाहीत. खालूनच म्हणाले, "तिला कळलं, तुम्हाला कळत नाही?" आणि बोरिवलीच्या एका लग्नात शेजारच्या पाटावरचे गृहस्थ सहज बोलून गेले की आम्ही नव्या इमारतीत राहायला गेलो. झालं. दाजींनी घास खाली ठेवला.

"जमीन सोसायटीच्या नावावर झाली?"

"होईल हो. करारनामा झालाय ना."

"करारनामा म्हणजे साखरपुडा. खरेदीखत म्हणजे लग्न. तुम्ही साखरपुड्यावर संसार थाटलात."

त्या बिचाऱ्यांना पुढची जिलबी काही गेली नाही.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. बाकीचे लोक पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, हे विचारत. दाजी विचारत, मालकाला बहिणी किती? रागात असले तर मालवणीत, "मालकाक भयणी किती ता सांग आधी." बिल्डरचा माणूस म्हणायचा, "साहेब, बहिणींचा काय संबंध?" दाजी म्हणायचे, "जमीन बापाची ना? मग बापाला जेवढी पोरं तेवढ्या सह्या. पोरी काय झाडाला लागल्या होत्या?" कोकणातल्या त्यांच्या गावी अशीच एक वाडी विकली गेली होती आणि घेणारा म्हातारा होईपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. ते त्यांच्या मनात बसलं ते बसलंच.

आमच्यावर पाळी आली तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता. आम्ही साकीनाक्याला चाळीत एका खोलीत राहायचो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या खाटेवर आणि मुलं खाटेखाली दिवा ओढून अभ्यास करणार. अशात भांडुपला, गावठाणाच्या कडेला एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा ठरवली. ह्यांच्या फंडाचे पैसे आणि माझ्या बांगड्या त्यात गेल्या होत्या. करारनामा व्हायचा होता, पण इमारत डोळ्यांसमोर चढत होती आणि मी मनातल्या मनात सासूबाईंची खाट खिडकीशी नेऊन ठेवली होती. जमीन तिघा भावांची, तिघांनीही बिल्डरला सह्या दिलेल्या, जमिनीवर कोणाचा दावा नाही असा वकिलाचा दाखलाही झालेला. दाजींनी आपला प्रश्न विचारला. बिल्डर म्हणाला, "बहीण नाहीच." दाजी उठले आणि गावठाणात एका ओट्यावर म्हाताऱ्यांत जाऊन बसले. चहा पिऊन झाल्यावर कळलं, बहीण आहे, हिराबाई नावाची, आणि मासळी बाजारात रोज बसते.

एखाद्या शहाण्या माणसाने ही गोष्ट आमच्या कानात सांगितली असती. दाजी थेट बाजारात गेले, हिराबाईकडून बांगडे घेतले, दोन जास्त घालायला लावले आणि मग म्हणाले, "बाय, तुमच्या बापाच्या जागेवर इमारत चाललीय, ठाऊक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी हिराबाई टोपलीसकट इमारतीपाशी. कोर्टातून मनाई आणते म्हणाली. बिल्डरने काम थांबवलं. आमचे हे कधी चढा आवाज न करणारे, पण त्या दिवशी दाजींना म्हणाले, "दाजी, तुम्ही आमचं घर बुडवलंत." वन्सं रडायला लागल्या. दाजी म्हणाले, "आज बुडतंय ते बरं. आत राहायला गेल्यावर बुडलं असतं तर?"

एवढं बोलून ते घरी बसले असते तर मी त्यांना आजही माफ केलं नसतं. पण कारखाना सुटला की ते भांडुपला जायचे, रोज, त्या भावांच्या ओट्यावर. मोठा भाऊ म्हणायचा, "तिचं लग्न थाटात केलं, दर भाऊबीजेला साडी देतो, आणखी काय द्यायचं?" दाजी म्हणायचे, "साडी देतोस ता बरा करतोस. आता हक्क दे." शेवटी एकदा तो भाऊ कंटाळून बाजारात यायला निघाला. दाजींनी मलाही बरोबर घेतलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला. बाईमाणूस समोर असलं की तो जरा जपून बोलेल."

हिराबाई मासे कापत होती. भाऊ समोर उभा राहिला. तिने मान वर केली नाही. एक गिऱ्हाईक झालं, दुसरं झालं, कोणाची कोळंबी सोलून झाली. भाऊ आपला ओल्या फरशीवर उभा, चपला भिजवत. मग तिने कोयता पुसला.

"बोल आता."

"सही पायजे व्हती तुजी."

"मागितली असतीस तं तवाच दिली असती. पन इचारलाच नाय ना. जेवाया येता माज्या घरी, न् बापाला पोरगी हाय ते इसरता."

भाऊ खाली बघत म्हणाला, "चुकला आमचा, हिरे."

तिने कोयता खाली ठेवला. मग माझ्याकडे हात करून विचारलं, "ही कोन?"

"ह्यांची जागा अडकलीय दुसऱ्या मजल्यावर," दाजी म्हणाले. "घरात म्हातारी आजारी आहे."

"म्हातारीला कशाला अडकवू?" ती म्हणाली. "सही देते. पन मना तलमजल्याला एक खोली पायजे, माज्या नावाची. पोराच्या नाय, माज्या."

बिल्डरने कुरकुर करून दिली. चौघांच्या सह्या झाल्या, आणि पुढे आजूबाजूच्या इमारतींची जमीन नावावर व्हायची राहिली तरी आमच्या सोसायटीची मुकाट्याने झाली. आमचा करारनामा करायच्या दिवशी दाजी रजिस्ट्रारच्या कचेरीत हजर. कागद ह्यांच्या हातातून घेतला, वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनींचं नाव कुठाय?"

"तिचं कशाला?" हे म्हणाले. "माझं म्हणजे तिचंच की."

"तेच तो भाऊ म्हणत होता," दाजी म्हणाले. "नापास. परत टाइप करून आणा."

ह्यांनी चडफडत परत टाइप करून आणलं. सासूबाई त्या खिडकीशी दोन पावसाळे राहिल्या. हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझी मुलं चांगली आहेत, सुना चांगल्या आहेत, पण मी कोणाच्या घरात राहते हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, तो त्या एका दिवसामुळे.

दाजींनी स्वतः कधी घर घेतलं नाही. एकही जागा त्यांच्या परीक्षेत उतरली नाही. मरोळच्या भाड्याच्या खोलीतच त्यांचा जन्म गेला. शेवटी शेवटी दमा वाढला होता, तरी एकदा जिने चढून आमच्याकडे आले आणि गॅलरीत बसून राहिले. खाली हिराबाई आपल्या दारात सुके बोंबील निवडत होती, तिने वर बघून त्यांना हात केला. दाजी म्हणाले, "सगळ्यांची घरं बघता बघता माझं बघायचं राहिलंच, वहिनी."

मी म्हटलं, "दाजी, हे घर तुमचंच आहे."

ते मिस्कील हसले, धाप लागली म्हणून थोडं थांबले, आणि म्हणाले, "तोंडी बोललेलं धरत नाहीत. लेखी द्या."

मीही हसले आणि चहा टाकायला आत गेले. त्यानंतर त्यांना तो जिना चढणं झालं नाही. तेवढं लेखी द्यायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, ते आज देते आहे.