पोटातली गाळणी

शरणम्मा अक्कलकोटकडची. घरी कन्नड, वॉर्डात मराठी आणि रागावली की दोन्ही. ती नर्सिंग शिकायला निघाली तेव्हा भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. ती मात्र पांढरी साडी नेसून सोलापुरात मान वर करूनच चालायची.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात सांगोल्याकडचा मेंढपाळ धुळाप्पा आपल्या बायकोला, मायाक्काला, घेऊन दवाखान्यात आला. तिला फुरसं जातीचा विषारी साप चावला होता. लस टोचून जीव वाचला, पण लघवी बंद झाली. तोंड सुजलं, पाय सुजले, शुद्ध हरपत चालली.

डॉक्टर शिवयोगींनी तिला तपासलं. "किडन्या थांबल्यात. थोडे दिवस त्यांचं काम आपण केलं, तर त्या परत सुरू होतील."

रक्त शुद्ध करणारं यंत्र मुंबईला. तिथवर ती टिकली नसती. दुसरी एक रीत डॉक्टर शिकून आले होते, पण ह्या दवाखान्यात ती कुणी वापरली नव्हती.

"जमेल ना, सिस्टर?"

"शिकवा. जमवते," शरणम्मा म्हणाली.

बेंबीखाली बधिर करून डॉक्टरांनी पोटात नळी सरकवली. कोमट औषधी पाणी बाटलीतून आत उतरू लागलं, तसा धुळाप्पा दारातून पुढं आला.

"बाई, ती पाण्यानंच फुगलीया, अन् तुमी आनखी पाणी घालताय? न्हाय, मी तिला घरी नेतो."

शरणम्मानं त्याला हाकललं नाही. जवळ बोलावलं. "पोटात आतून एक पातळ पडदा असतो, भाऊ. गाळणीसारखा. पाणी त्याला लागून थांबलं, की रक्तातली घाण पडद्यातून झिरपून पाण्यात येते. रक्त आतच राहतं. आणि आत घातलं त्याहून जास्त पाणी बाहेर येतं. थांबा अन् बघा."

पाणी काही वेळ आत ठेवून डॉक्टरांनी नळीला लावलेली तीच रिकामी बाटली खाली जमिनीवर ठेवली. पिवळसर पाणी वाहू लागलं. बाटली काठोकाठ भरली तरी धार थांबेना, दुसरी लावावी लागली. धुळाप्पा उकिडवा बसून बघत राहिला. "व्हय की," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धार एकाएकी बंद पडली. पाणी आतच अडकलं, मायाक्काला धाप लागली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. शरणम्मानं नळी चाचपून पाहिली. नळी कुठं मुडपली नव्हती. मग डॉक्टरांनी शिकवलेलं आठवून तिनं धुळाप्पाला हाक मारली. दोघांनी मिळून मायाक्काला अलगद कुशीवर वळवलं. नळीत आधी बुडबुडे आले, मग धार लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायाक्कानं डोळे उघडले आणि नवऱ्याला विचारलं, "मेंढरं कुणापाशी सोडली?" धुळाप्पा तोंडाला पटका लावून रडला.

आठवडाभरात लघवी सुरू झाली. भांड्यातली ती थोडीशी लघवी शरणम्मानं स्वतः नेऊन डॉक्टरांना दाखवली. हळद-कुंकवाचं ताट न्यावं तशी नेली, असं वॉर्डात पुढं कितीतरी दिवस बोललं जाई.

मायाक्का आपल्या पायांनी दवाखान्याची पायरी उतरली. त्यानंतर असा पेशंट आला, की डॉक्टर आधी शरणम्माला निरोप धाडत. नव्या नर्सांना ती नळी, बाटली, पडदा सगळं शिकवी. आणि कुणी विचारलं, हे ह्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणी केलं, तर आढेवेढे न घेता सांगे, "डॉक्टरांनी आणि मी."