झटका संपल्यावर

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाला विजेचे झटके द्यायचे ठरले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त घाबरली ती मी. आईही घाबरली होती, पण आत नेमकं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा हेच काम करत होते. जिवंत पेशींना विजेचा झटका द्यायचा. इतका छोटा, की पापणी लवेपर्यंत तसे लाखो बसावेत. पेशींत आधी एक रंग भरलेला असे. ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू आत वाढले, की तो हिरवा चमकायचा. या रेणूंच्या माऱ्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. आमच्या तासगावकडे उघड्यावर राहिलेला बेदाणा लाल पडत जातो, काहीसं तसंच. फक्त इथे पेशीचं आवरण आणि आतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडत जाते. सुरुवातीला मला वाटलं, विजेने भोवतालचं पाणीच बिघडत असेल. पाणी बदलून पाहिलं. फरक पडला नाही. जाळ पेशीच्या आतूनच उठत होता.

झटक्यानंतर लगेच पाहिलं तर पेशी धडधाकट दिसायच्या. चहा घेऊन परत यावं, तर पडद्यावर हिरवा उजेड पसरलेला. झटका केव्हाच संपलेला असायचा.

आबा सैन्यातून निवृत्त होऊन द्राक्षबाग बघत होते. त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच सैरभैर व्हायचे, गोळ्यांनी भागेना. सांगलीच्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून चुकीचे ठोके उठतात, त्याभोवतीच्या पेशी छोट्या झटक्यांनी मारायच्या. मी विचारलं, ज्या मरणार नाहीत, पण आतून होरपळत राहतील, त्या शेजारच्या पेशींचं काय? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हृदयाच्या स्नायूच्या पेशी या झटक्यांना लवकर बळी पडतात, हृदयामागची अन्ननलिका आणि आसपासच्या नसा बऱ्यापैकी तग धरतात. मग ते म्हणाले, धोका अजिबात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

त्या रविवारी आबा बागेत मांडवाच्या तारा ताणत होते. मला बघून त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"तू त्या पेशींना झटका देतीस, त्या मरत्यात न्हवं?"

"काही मरतात."

"आन बाकीच्या?"

"काही सावरतात, आबा. काही सावरल्यासारख्या दिसतात आणि मग जातात."

ताणलेली एक तार त्यांनी बोटाने दाबून पाहिली. "मला पण भ्या वाटतंय गं," ते म्हणाले. "आईला सांगू नगस."

आबांना भीती वाटते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्यानंतर माझी झोपच उडाली.

ऑपरेशनच्या दिवशी आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. आबांना बाहेर आणलं, ते शुद्धीवर होते, ठोके सरळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आईने हात जोडले. मीही हसले असेन. दुपारी त्यांच्या पलंगाला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे माझं लक्ष गेलं. आतला रंग काळ्या चहासारखा होता.

हृदयातून वाहणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या झटक्यांनी फुटल्या असणार, आणि त्यांच्यातला रंग आता मूत्रपिंडातून लघवीत उतरत होता. जास्त फुटल्या असतील तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हेही मी वाचलेलं होतं. मी नर्सला बोलावलं. आई विचारत होती, काय झालं. डॉक्टर आले, रक्त तपासायला पाठवलं, सलाइनचा वेग वाढवला. असं होतं कधी कधी, आपण लक्ष ठेवू, एवढंच ते म्हणाले. मी त्या पिशवीवरून नजर हलवली नाही. संध्याकाळी रंग थोडा फिका वाटला, पण तो खरंच फिका होता की मलाच तसं हवं होतं, हे कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साध्या लघवीचा पिवळा झाला होता. मूत्रपिंडं शाबूत असल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले.

घरी गेल्यावर एकदा त्यांचे ठोके पुन्हा बिघडले. जखम भरताना सुरुवातीला असं होतं, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू ते थांबलं. छाटणीच्या वेळी आबा पुन्हा बागेत उभे राहायला लागले.

साताऱ्याला परतल्यावर बरेच दिवस माझा हात यंत्राच्या बटणाकडे जाईना. प्रयोगशाळेतल्या सरांना सांगून मी फक्त मोजमापाचं काम घेतलं. आता पुन्हा झटके देते. काम आवडतं, पण पहिला झटका देण्याआधी अजूनही सगळे आकडे दोनदा तपासते.

गावी गेले, की आबांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना मी त्यांचं मनगट नाडीपाशी क्षणभर धरून ठेवते. त्यांना कळतं. ते दुसरीकडे बघत राहतात, हात सोडवून घेत नाहीत.