मेहुण्याचं कुलूप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला धंद्यातले लोक ‘विचारून सांगतो’ म्हणत. रविवारी कामावर येणार का, मुलीला आलेलं स्थळ कसं वाटतं, काहीही विचारा, तो डोळे बारीक करून म्हणायचा, "विचारून सांगतो." कोणाला, ते सांगावं लागत नसे. बायकोनं तर एकदा हातात डाव धरून विचारलं होतं, "अहो, भाजीत मीठ कमी वाटतंय. टाकू, की विचारून सांगताय?"

हसणाऱ्यांचा त्याला राग येत नसे. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं ते देवाकडे मागावं, तो देताना हात आखडता घेत नाही, हे त्यानं लहानपणी चर्चमधल्या उपासनेत ऐकलं होतं. आणि आपल्याला शहाणपण कमी पडतं याबद्दल त्याला कधीच शंका नव्हती. म्हणून तो मागायचा. हात तेलकट असताना, पाना फिरवताना, मनातल्या मनात. मग थांबायचा. मन निवळलं की ‘हो’, काही टोचत राहिलं की ‘नाही’. या मापावर त्याची बरीच वर्षं निघाली होती. निवळलेलं पाणी आणि गोठलेलं पाणी लांबून सारखंच दिसतं, हे त्याच्या ध्यानात यायचं होतं.

त्याच्या हाताखाली त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. कामाला वाघ आणि तोंडाचा फटकळ. त्यानं उपासनेला येणं सोडलं होतं, आणि तेव्हापासून भाऊजींच्या बोलण्यात रोज एकतरी प्रवचन असायचं. मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, तुमच्या देवाचं माझ्याशी काही भांडण नाही. तुमचंच दिसतंय."

त्या दिवशी दोघं एका उंच, जुन्या इमारतीत कामाला होते. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते, तिच्यात उतरण्याआधी प्रत्येकानं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मुख्य स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, असा त्यांच्या कामाचा नेम. दोन माणसं, दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, तेही बाहेर आल्यावर. सकाळी दोघांनी आपापलं कुलूप लावलं, लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर उभी केली आणि तिथल्या दाराचं काम सुरू केलं.

भांडण झालं ते विहिरीच्या तळाशी असलेल्या खड्ड्यावरून. सकाळी येताना त्यानं तिथं तेलाचा आणि धुळीचा थर साचलेला पाहिला होता.

"गेल्या खेपेला खड्डा कोणी साफ केला होता?"

"मीच."

"दिसतंय."

"मग तुम्ही उतरायचं होतं, भाऊजी. तुम्ही वरच्यांशी बोलत होतात."

ते वर्मी लागलं. तो शांतपणे, पाळकांसारखा आवाज काढून म्हणाला, "खाली उतरून काम करायचं तर आधी मन खाली उतरावं लागतं. ते तुझ्याच्यानं व्हायचं नाही. जा घरी."

मेहुण्यानं पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेला.

दुपारी दाराचं काम संपलं. तो गच्चीवर गेला आणि त्यानं आपलं कुलूप काढलं. मेहुण्याचं तसंच लटकत होतं. तेवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक धापा टाकत वर आला, मागोमाग पहारेकरी. वरच्या मजल्यावरच्या आजींना श्वास घ्यायला त्रास होत होता. रुग्णवाहिका खाली येऊन उभी होती.

"लिफ्ट चालू करा. लगेच."

"कुलूप आहे. मेहुण्याचं."

"तोडा मग. तो आहे कुठे?"

"तो तर कधीच गेला," पहारेकरी म्हणाला. "माझ्यासमोरून फाटकाबाहेर. नमस्कार नाही की चमत्कार नाही."

फोन लागत नव्हता. जमिनीतल्या ज्या भोकातून लिफ्टचे दोर खाली जातात, तिथं वाकून त्यानं हाक मारली, "अरे, आहेस का रे खाली?" आवाज काळोखात गेला आणि थोडा जाडसर होऊन परत आला. बाकी काही नाही.

तो उभा राहिला. डोळे बारीक केले. व्यवस्थापक कपाळावर हात मारून म्हणाला, "घ्या. आता विचारणार."

त्यानं विचारलं. प्रभू, मला शहाणपण दे. आणि मन निवळलं. इतक्या झटकन कधी निवळलं नव्हतं. मेहुणा रागानं गेला, घाईत कुलूप विसरला, एका आजारी बाईचा जीव टांगणीला लागला आहे, सगळं लख्ख दिसत होतं. त्यानं लोखंड कापायची करवत घेतली.

कुलपाची कडी जुनी होती. करवत बसली, किस पडू लागला. पुढे, मागे. प्रत्येक फेऱ्याला मनात एक वाक्य उमटत होतं: शिकेल. बसू दे घरी. शिकेल. हात असा चालत होता की व्यवस्थापकसुद्धा एक पाऊल मागे सरला. कडी निम्मी कापली गेली. मग निम्म्याहून जास्त.

आणि काहीतरी टोचलं. कुलूप कापायला हाताला एवढा आनंद कशाचा होतोय?

करवत थांबली. मघाशी जी शांती वाटली होती तिच्याकडे त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. ती शांती नव्हती. रागाला कारण सापडलं होतं, आणि राग आरामात बसला होता. तो कसाबसा पुन्हा म्हणाला, प्रभू, दे. वरून काहीच आलं नाही. कानात आला तो त्याचाच सकाळचा आवाज, तो पाळकांसारखा आवाज: ते तुझ्याच्यानं व्हायचं नाही.

ज्याला हे बोलला होता त्या मेहुण्याला तो लहानपणापासून ओळखत होता. जमणार नाही म्हणा, की ते केल्याशिवाय तो जेवत नसे.

"काय झालं?" व्यवस्थापक म्हणाला. "थोडंच राहिलंय."

त्यानं आपलं कुलूप उचललं, मेहुण्याच्या अर्धवट कापलेल्या कुलपाशेजारी लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"वेड लागलंय का तुम्हाला? त्या बाईला काही झालं तर कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या. खुर्ची आणा. आपण उचलून नेऊ."

आजींना चादरीनं खुर्चीला बांधलं. पुढचे पाय त्यानं धरले, मागून व्यवस्थापक आणि पहारेकरी. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी करावी लागे, आणि आजींचा श्वास शिट्टीसारखा वाजे. मध्येच श्वास ऐकूच आला नाही. तो थबकला. मग आजी पुटपुटल्या, "पाडू नका रे बाबांनो, एवढंच बघा." उतरताना त्याला दोनच गोष्टींची भीती होती: आपण चुकलो असलो तर, आणि आपण चुकलो नसलो तर.

रुग्णवाहिका गेली. तो धावत तळमजल्यावरच्या लिफ्टच्या दाराशी आला. कोणी आत पडू नये म्हणून दार आतून ओढून घेतलेलं होतं. फटीतून पिवळा उजेड येत होता.

खड्ड्यात मेहुणा उकिडवा बसला होता, बॅटरी दातांत, हातात चिंध्या, शेजारी पिशवी. तळ आरशासारखा पुसलेला. त्यानं बॅटरी काढली.

"बघा, भाऊजी. उतरलो का खाली?"

"तू तर बाहेर गेला होतास."

"मागच्या दारानं आलो."

"मी हाक मारली होती."

"ऐकली."

"मग ओ का नाही दिलीस?"

मेहुण्यानं चिंधी पिळली. "आला राग. म्हटलं, विचारू दे यांना यांच्या देवाला, मी कुठे आहे ते."

तो दाराची चौकट धरून खाली बसला.

"अरे, लिफ्ट खाली आणणार होतो मी."

"कशी आणणार? वर माझं कुलूप होतं ना?" मेहुणा सहज म्हणाला. जमीन आहे ना खाली, म्हणावं तसं.

त्यानं हात खाली केला. मेहुण्यानं तो धरला आणि वर आला, आणि दोघं जिन्यानं गच्चीवर गेले.

मशीनच्या खोलीत स्विचखाली लोखंडाचा किस पडला होता. मेहुण्यानं कुलूप हातात घेतलं, कापल्या जागेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"किती राहिलं होतं?"

"थोडंच."

"मग थांबलात कशानं? उत्तर आलं?"

"नाही. मी सकाळी तुला काय बोललो, ते आठवलं." मग तो म्हणाला, "चुकलो मी. बोललो तिथंच चुकलो."

मेहुण्यानं खिशातून किल्ली काढली. कडी इतकी बारीक उरली होती की हातानं पिळली असती तरी तुटली असती. पण त्यानं किल्ली लावली, फिरवली, आणि आपलं कुलूप आपल्या हातानं काढलं.

"आता तुमचं काढा," तो म्हणाला.