वनमालाच्या नावाने

मुलुंडला राजेश सावंतांचं कोकणी मालाचं दुकान आहे. कोकमाचं आगळ, कुळीथपीठ, फणसपोळी. आता निम्मा माल पार्सलनेच जातो. पार्सलं भरणाऱ्या दोघी, नलिनी आणि वनमाला परब. सगळं वहीत हाताने लिहून दुकान झकास चाललं होतं. पण एक टापटीप माणूस आला, लॅपटॉप उघडून गोड गोड बोलला आणि एक भलंमोठं सॉफ्टवेअर राजेशच्या गळ्यात मारून गेला. त्यात कामाला बसणाऱ्या प्रत्येक नावाचे वर्षाचे पैसे वेगळे. म्हणून राजेशने दोघींत मिळून एकच नाव घेतलं, वनमालाचं, ती जुनी. पुढच्याच महिन्यात वनमाला झोपेत गेली.

"नाव बदलायचे परत पैसे मागतायत गं," राजेश म्हणाला. "वर्ष संपेपर्यंत बस ना तिच्याच नावाने."

नलिनी बसली. नोकरी सोडून जाणार कुठे बिचारी!

रोज सकाळी पडद्यावर 'सुप्रभात, वनमाला' उमटायचं. गिऱ्हाइकांना मेसेज जायचा, 'तुमचं पार्सल वनमाला परब यांनी भरलं आहे.' फोनवर सगळे तिला वनमालाताई म्हणू लागले. आधी ती त्यांची चूक सुधारायची, मग कंटाळली. वनमालाच्या वाढदिवसाला सॉफ्टवेअरवाल्यांकडून तिच्या नावाने पेढे आले. डबा उघडून सगळे नलिनीकडे बघत राहिले. तिने एक खाल्ला आणि डबा पुढे सरकवला.

त्याच आठवड्यात गॅसवाल्याने दारात नाव विचारलं आणि तिने वनमाला सांगितलं. नवरा दशरथ हसत सुटला. नलिनीच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. बाईच्या जातीला आधीच स्वतःचं म्हणून असतं काय? एक नाव, तेही जायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने राजेशला गाठलं. "माझ्या पगारातून कापा, पण माझं नाव घाला. नाहीतर मी चालले."

"बरं बाई, उद्यापासून घालतो," राजेश म्हणाला.

संध्याकाळी दुकानात वनमालाची मुलगी शुभा आली. आई गेल्यापासून ती बोरिवलीला मामाकडे राहायची. डोळे खोल गेलेले, केस विस्कटलेले.

"दर महिन्याला मामाच्या नावाने आगळ मीच मागवते," ती नलिनीला म्हणाली. "बाटल्या तशाच पडल्यात, पितं कोण? आईच्या नावाचा मेसेज येतो ना, तेवढ्यासाठी. या वेळी आला नाही अजून."

पोरी, ती मी होते, उद्यापासून माझं नाव येईल, एवढंच नलिनीला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. ती साताऱ्याकडची; इतकी वर्षं वनमालाशेजारी बसूनही मालवणी तिच्या जिभेवर कधी चढली नव्हती.

"चेडवा, जेवलंस गो?"

बोलली नलिनीच, पण आवाज तिचा नव्हता. राजेश गल्ल्यावरून उठून उभा राहिला. शुभाला मात्र जराही नवल वाटलं नाही.

"नाय गो आये," ती म्हणाली. "तुझीच वाट बघतंय."