माझ्या हातच्या शंभर ओळी

"उभी राहा गं. तू, मागची."

मी उभी राहिले. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी फळ्यावर क्रियापदांच्या जोड्या लिहिल्या होत्या. पोरं ज्यांत हमखास गोंधळतात त्या जोड्या. टीच आणि लर्न. ब्रिंग आणि टेक. राइज आणि रेज. सगळ्यांत खाली लेंड आणि बॉरो.

"लेंड म्हंजे?"

"उसनं देणं, सर."

"बॉरो?"

"उसनं घेणं."

"वाक्य कर. लेंड घालून."

माझा जीव हरखला. वर्गात कोणाला येत नव्हतं ते मला येत होतं. पुढच्या बाकावरची सुनंदासुद्धा ह्या जोडीत दरवेळी चुकायची. शेण्या थापताना मी ह्या जोड्या घोकल्या होत्या आणि माझी एक खूणही ठरवली होती. देणारा कोण, घेणारा कोण, एवढं आधी बघायचं. मग चूक होत नाही. मी बघितलं. देणारा माझा बा. घेणारे समोर उभे होते.

मी म्हणाले, "माय फादर लेंट हिज पहार टु सर."

म्हणजे, माझ्या वडिलांनी सरांना त्यांची पहार उसनी दिली.

पहारीचं इंग्रजी मला येत नव्हतं. पोरं त्यावर हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"कोणी दिली? तुझ्या बापानं? मला?"

सर दोन पावलं पुढं आले.

"तुमच्या वस्तीतून गावाला कधी काही मिळालं का गं? पिढ्यानपिढ्या हात पसरून राह्यले तुमी. तुमाला एकच क्रियापद लागतं. बॉरो. दुसरं शिकायची बिलकुल गरज न्हाई."

आता वर्ग खरा हसला. मुली पदर तोंडाला लावल्यासारख्या ओढणीत हसत होत्या. सुनंदा तेवढी हसली नाही, ती वहीत बघत राहिली. तिच्या घरचं शेत सरांच्या शेताला लागून होतं. आमची पहार तिथं तिनं पाहिली असणारच.

"पहारीला क्रोबार म्हणतात," सर म्हणाले. "लिहून घे. माय फादर बॉरोड द क्रोबार फ्रॉम सर. शंभर वेळा. उद्या वही दाखव."

माझ्या वडिलांनी सरांकडून पहार उसनी घेतली. शंभर वेळा. माझ्या बापाच्या पहारीचं इंग्रजी नाव मला असं मिळालं.

आता पहारीचं सांगते.

बा विहिरी फोडायच्या कामाला जायचा. खडक लागला की सुरुंगाचं भोक पाडणारा माणूस लागतो. जाफराबाद तालुक्यात आमच्या अंगाला तो माणूस माझा बा होता. पहार त्याची स्वतःची. पुरुषभर उंचीची, टोक टेंभुर्णीच्या लोहाराकडून पाणी देऊन कडक केलेलं. वरच्या अंगाला छिन्नीनं मारलेल्या तीन खाचा. भोक किती खोल गेलं ते तो खाचेवर बोट ठेवून सांगायचा. गावात आम्ही खालच्या अंगाला राहणारे, बौद्ध. पण विहिरीत उतरल्यावर बा सांगेल तिथं सगळे उभे राहायचे. मालकसुद्धा. बा "सरका" म्हणाला की मालक सरकायचा. दिवसभरात तेवढा वेळ त्याचा मान असायचा.

हिवाळ्याच्या तोंडाला सर वस्तीच्या कडेला आले होते. आत आले नाहीत. तिथूनच हाक मारली. त्यांच्या शेतात विहिरीचं जुनं बांधकाम काढायचं होतं आणि घरच्या पहारी पुरत नव्हत्या. "दोन दिवसांत आणून देतो," म्हणाले. बानं पहार ओल्या फडक्यानं पुसली आणि मगच दिली. एक मास्तर आपल्याकडं काही मागायला आला, ह्याचं त्याला दिवसभर कौतुक वाटत होतं. मायला दोनदा सांगितलं त्यानं.

दोन दिवसांचे दोन महिने झाले.

पहारीत काय होतं? लोखंडच. सरांना ती ठेवून घ्यायची हावही नसेल. पण परत द्यायची म्हणजे आणली होती हे आलं. आमच्या घरातून त्यांच्या घरात काही गेलं होतं, हे आलं. तेवढं त्यांना जड जात होतं. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही.

तेव्हा मी लिहायला बसले. मधल्या सुट्टीत, शाळेच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या ओळी. पहिल्या दहा ओळींना हात सावकाश चालला. मग सरावला. विसाव्या ओळीपासून तर मी अक्षराकडं बघायला लागले. क्रोबारमधला सी छान येत होता.

ही माझी चूक. मी लपवणार नाही. मराठीत कोणी मला हे लिहायला सांगितलं असतं तर मी लिहिलं नसतं, मार खाल्ला असता. पण इंग्रजीतलं खोटं मला खोटं वाटलं नाही. इंग्रजी म्हणजे पाठ करायचं, घोटायचं, मार्क मिळवायचे. त्या भाषेत आमच्या घरातलं कोणी राहत नव्हतं. त्या भाषेत आपल्या बापाबद्दल खरं-खोटं लिहिता येतं, हेच मला माहीत नव्हतं. मी शंभर ओळी पूर्ण केल्या. सरांनी वहीवर लाल शाईत 'गुड' लिहिलं, वही ठेवून घेतली. आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बाला टेंभुर्णीला विहिरीचं काम लागलं. पहार लागणार होती. शाळा सुटल्यावर तो पारापाशी आला. पारावर चार-सहा मोठी माणसं बसलेली, सर त्यांच्यात. काखेत तपासायच्या वह्यांची पिशवी. मी शाळेतून येऊन बाच्या मागं उभी राहिले.

"मास्तर, पहार पाह्यजे व्हती. काम लागलंय."

"कोणती पहार?"

"माझी. हिवाळ्याच्या तोंडाला नेल्ती तुमी."

"मी नेल्ती? तुझ्याकून?" सर पारावरच्या माणसांकडं बघून हसले. "अरे, तुझी पोरगी काय लिहून राह्यली ते तरी इचार."

त्यांनी पिशवीतून माझी वही काढली. एक ओळ इंग्रजीत वाचली. मग मराठीत सांगितली. पहार माझ्या बानं त्यांच्याकडून उसनी घेतली. "एकदा न्हाई, शंभर डाव लिव्हलंय. घरचीच साक्ष हे."

"पोरीनंच लिव्हलं म्हंजे झालं की," कोणीतरी म्हणालं.

बानं वही हातात घेतली. वेष्टनावर माझं नाव मराठीत होतं, तेवढं त्याला ओळखू आलं. मग माझ्याकडं वळला.

"बाई, हे तूच लिव्हलं का?"

"हो."

"मंग, खरं हे का?"

पारावर सगळे माझ्याकडं बघत होते. एक शब्द पुरला असता. न्हाई. एवढाच. तो माझ्या तोंडातून निघाला नाही. मी म्हणाले, "सरांनी सांगितलं तसं लिव्हलं."

त्याचा अर्थ ज्यानं त्यानं पाहिजे तसा घेतला. बानं वही दोन्ही हातांनी सरांना परत दिली. ज्यांच्या हातून घेतली त्यांना परत दिली. मग तो घराकडं निघाला.

त्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो टेंभुर्णीच्या कामाला गेला. पहार नव्हती, नवी घ्यायला पैसा नव्हता, म्हणून भोक पाडायला दुसरा माणूस होता. बानं पाटीत भरून दगड-मुरूम वर काढला. दुसरा कोणी "सरका" म्हणाला की माझा बा सरकायचा. एकदा त्याच्यासाठी भाकर घेऊन गेले तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. तिथं विहिरीच्या काठावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी क्रोबार हा नुसता शब्द लिहिला नव्हता. मी माझ्या बापाला त्याच्या जागेवरून खाली ढकललं होतं. सरांनी सांगितलं, पण हात माझा होता.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीची तोंडी सरांनीच घेतली. माझा नंबर आला. त्यांनी मुद्दाम तीच जोडी काढली. मी शिकले की नाही ते बघायचं होतं त्यांना.

"वाक्य कर. दोन्हींतलं कोणतंही."

"माय फादर लेंट हिज क्रोबार टु सर."

"पुन्हा सांग."

"माय फादर लेंट हिज क्रोबार टु सर. सर डिड नॉट रिटर्न इट."

सरांनी परत दिली नाही. हे दुसरं वाक्य मी चार महिने जुळवत होते. सरांनी गुणांचा कागद पुढं ओढून त्यावर काही लिहिलं. मग म्हणाले, "जा. वाक्य चूक हे."

त्यात काय चूक होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी इंग्रजीत नापास झाले. घरात पुन्हा शाळेत घालायची गोष्ट निघाली नाही. मायबरोबर शेतात निंदायला जाऊ लागले. पुढं लग्न होऊन अंकुशनगरच्या बाजूला आले, उसाच्या कामाला. मी खरं बोलले त्यानं पहार आली नाही. बाला त्याची जागा मिळाली नाही. पारावर पाहिजे होतं ते मी परीक्षेच्या खोलीत बोलले होते, जिथं सरांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.

बा गेला त्याच्या आधल्या वर्षी मी माहेरी गेले होते. अंगणात बसलेला. मध्येच म्हणाला, "तू तसं कामून लिव्हलं असशील, बाई?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी उठून त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

नंतर एका दुपारी सुनंदा माझ्या दारात आली. ती आता अंबडला शिक्षिका आहे. पत्ता काढत आली होती. मी पाणी दिलं, ती प्यायली. सर निवृत्त झाले होते. त्यांचा सत्कार होता. वस्तीतल्या मुलींना त्यांनी इंग्रजी शिकवलं, असं भाषणात सांगायचं होतं आणि त्यासाठी वस्तीतली एक मुलगी पाहिजे होती.

"दोनच ओळी लिहून दे," ती म्हणाली. "इंग्रजीत दिल्या तर लईच चांगलं. स्टेजवर मी वाचते."

तिनं कोरा कागद आणि पेन पुढं केलं. मी विचारलं, "सुनंदा, आमची पहार तू त्यांच्या शेतात पाहिली होती ना?"

ती थोडा वेळ कागदाकडं बघत राहिली, वर्गात बघत होती तशीच.

"पाहिल्ती. अजून हे ती. गोठ्यात रोवलेली, म्हैस बांधतात तिला. वरती तीन खाचा हेत. पण आता इतक्या वर्षांनी काय करायचं गं त्याचं?"

मी पेन घेतलं. बऱ्याच वर्षांनी इंग्रजी लिहीत होते, हात जड झाला होता. दोन ओळी पाहिजे होत्या, दोनच लिहिल्या. माय फादर लेंट हिज क्रोबार टु सर. सर डिड नॉट रिटर्न इट. खाली माझी सही केली, पूर्ण नावाची.

सुनंदानं वाचलं. इंग्रजीची चूक तिला काढता आली नाही.

"हे न्हाई वाचता यायचं."

"मला माहीत आहे."

तिनं घडी करून कागद पर्समध्ये ठेवला. वाटेत ती तो फाडून टाकणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. सत्कार झाला. शाल दिली म्हणे, भाषणं झाली. म्हैस अजून त्याच पहारीला बांधलेली असेल.

असू दे. पहार परत येणार नाही. बा येणार नाही, माझी नववीही येणार नाही. पण माझ्यापुढं कागद आला की देणारा कोण आणि घेणारा कोण, एवढं मी आधी बघणार आणि मगच लिहिणार. सरांना पाहिजे होत्या त्या शंभर ओळी मी त्यांना देऊन टाकल्या. आता माझ्या शंभर. सुनंदाच्या कागदावरच्या दोन मिळून पहिली. आज हे लिहिलं, ही दुसरी. अठ्ठ्याण्णव बाकी आहेत.