ठाकुरजींची दुपारची झोप

"माँजी, दार उघडा! साहेब आलेत!" मी तिसऱ्यांदा ओरडलो.

आतून शांत उत्तर आलं, "ठाकुरजी सो रहे हैं. उठेंगे तब आना."

जयपूरच्या जुन्या शहरातली गल्ली, जेठातलं ऊन आणि शेजारी घामाने निथळणारे चौकशी अधिकारी माथुरसाहेब. त्यांना ही वेळ देणारा शहाणा मीच.

प्रकरण साधं होतं. निदान मी हात लावेपर्यंत तरी. साठच्या दशकात निराधार म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन नुकती सुरू झाली होती. या माँजी, म्हणजे किशोरीबाई, पुजाऱ्याची विधवा, मूलबाळ नाही. तरी अर्ज नामंजूर. कारण, शहरात स्वतःचं घर! घर होतं खरं, पण कुणा भक्ताने ते केव्हाच ठाकुरजींना, म्हणजे आतल्या कृष्णमूर्तीला, दान दिलेलं. देवाच्या मालकीची अशी घरं जयपुरात पुष्कळ. पालिकेत मात्र मालक म्हणून नाव बाईंच्या नवऱ्याचं.

वडिलांच्या बदलीपायी साताऱ्याहून इथे येऊन पडलेला मी ज्युनिअर वकील. झोकात अपील ठोकलं: घर बाईंचं नाही, देवाचं.

पेन्शन ऑफिसातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "ठीक. मालकाचा जबाब जोडा."

"बाबूजी, मालक मूर्ती आहे. कायद्याने देव कायमचा अज्ञान, लहान मुलासारखा. सही त्याचा पालक करतो."

"मग पालकाची आणा. कोण आहे पालक?"

"किशोरीबाई."

बाबूंनी चष्मा काढला. "मतलब, घर माँजींचं नाही असं माँजीच लिहून देणार? ते तर अर्जातच आहे, वकीलसाहब!"

मी कायदा समजावत गेलो, फाईल जाड होत गेली. शेवटी माझे सिनिअर वैतागले. "आणखी एक कागद दिलास तर बाईंची पेन्शन स्वर्गात पोचवावी लागेल. साहेबांना जागाच दाखव."

मी भर दुपारची वेळ घेतली. गल्ली रिकामी असते ना! आमच्या देव्हाऱ्यातले देव दिवसभर जागे. इथले जेवून झोपतात, हे मला कुणी सांगायचं?

"माँजी, पाचच मिनिटं! नाहीतर पेन्शन गेली समजा!"

"जाने दो. पेन्शन के लिए इनकी नींद तोड़ूँ?"

"सरकारला उन्हात उभं करते," माथुरसाहेब म्हणाले, "आणि ही तुमची निराधार?"

मी लगेच कायद्याचं कलम काढलं. "आप चुप रहिए," ते म्हणाले, "तो शायद केस सुधरे." मग बूट काढून पायरीवर बसले. ते पडले जयपूरचेच. झोपलेल्या देवाला उठवणं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

ऊन कललं तेव्हा आत घंटी वाजली. दार उघडलं. गार खोली, मधोमध ठाकुरजींचा चिमुकला पलंग, वर कापडी पंखा. त्याची दोरी अजून बाईंच्या मुठीत. दुपारभर ओढत होत्या.

"आप कहाँ सोती हैं?" साहेबांनी विचारलं.

"चूल्हे के पास. कमरा इनका है."

"भाडेकरू ठेवायचा."

"इनको शोर पसंद नहीं."

साहेब बाहेर येऊन बूट घालत म्हणाले, "मालकीण असती तर पेन्शनसाठी दार उघडलं असतं. ही तर नोकरीत आहे. बिनपगारी."

रिपोर्ट तसाच गेला. पेन्शन मंजूर झाली. माझी इतकी कलमं हरली आणि एका बंद दाराने केस जिंकली. मी अर्थात घरी माझंच कौतुक करून घेतलं.

महिन्याभरात बाई माझ्या दारात. माझ्या अपिलामुळे पालिकेने मालकाचं नाव दुरुस्त केलं होतं आणि नव्या मालकाला नोटीस काढली होती: गल्लीकडची भिंत धोक्याची आहे, श्री ठाकुरजी यांनी दुपारी दोन वाजता समक्ष हजर राहावे.

"तुम्हींने इनको फँसाया," बाई कडाडल्या. "दो बजे तो ये सोते हैं! टाइम बदलवाओ."

बदलवून घेतला. तेव्हापासून कुठलीही तारीख घेण्याआधी मी मालक केव्हा उठतात ते विचारतो.